सुपारी फुटण्याआधी बोला

प्रश्न : आम्ही तुर्भ्याच्या एका वस्तीत राहतो. शेजारच्या मुलीने यंदा दहावीची परीक्षा दिली असून तिला नुकतेच सोळावे लागले आहे. सुट्टीत तिला जालना जिल्ह्यातील गावी नेऊन तिचे लग्न लावायचे घरात ठरते आहे. मी विषय काढला तेव्हा, "आम्ही दोघं दिवसभर नाक्यावर, पोरगी घरात एकटी. उद्या काही बरंवाईट झालं तर तू निस्तरणार का?" असे तिच्या आईने मला सुनावले. मी १९ वर्षांची आहे. आणखी बोलले तर माझ्या आईवडिलांना वस्तीत राहणे अवघड होईल. मी काय करावे? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : तिच्या आईचा प्रश्न आधी विचारात घेऊ. मजुरीसाठी पहाटे नाक्यावर उभे राहणाऱ्या आईबापांनी वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती खरी आहे आणि 'हा गुन्हा आहे' एवढे सांगितल्याने ती जात नाही. म्हणून त्या माउलीशी बोलताना अकरावीचा प्रवेश, कॉलेजची वेळ, दुपारी मुलीने तुमच्या घरी येऊन बसावे, अशा गोष्टी बोला. मात्र त्याही आधी मुलीशी एकटीशी बोला. तिला काय हवे आहे, हे घरात कोणी विचारलेच नसण्याची शक्यता मोठी आहे.

बोलणी सुरू आहेत तोवर घर ऐकण्याच्या मनःस्थितीत असते. एकदा सुपारी फुटली, आहेराची लुगडी आली आणि मंडपवाल्याला विसार दिला गेला की प्रश्न मुलीचा न राहता भावकीतल्या अब्रूचा होतो.

समजावून उपयोग झाला नाही, तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत असून रात्रंदिवस चालते. मुलीचे नाव, वय, शाळा, गाव, तालुका आणि ठरलेली तारीख एवढे सांगा, आणि तुमचे नाव उघड करू नये असेही स्पष्टपणे सांगा. लग्न गावी असले तरी इथून कळवता येते. गावपातळीवर ग्रामसेवकाकडेच बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी असते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमानुसार मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे. लग्न लावणारा, ते ठरवणारे पालक आणि त्यात सहभागी होणारे यांना दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दंडाधिकाऱ्यांनी मनाई हुकूम दिल्यावरही लग्न लावले, तर ते मुळातच रद्दबातल ठरते. 'आधारवर अठरा पूर्ण आहेत' असे कोणी म्हणाले, तर शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख पाहण्याचा आग्रह धरा.

नाव न देता कळवण्यात तुम्हाला कमीपणा वाटत असेल, तर रखमाबाईंची आठवण ठेवा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या तरुणीने १८८५ मध्ये बालविवाहाविरुद्धची आपली पत्रे 'अ हिंदू लेडी' या टोपणनावाने वृत्तपत्रात छापून आणली. १८८७ मध्ये न्यायालयाने 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात' असे फर्मावले, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे त्या डॉक्टर झाल्या. टोपणनावाने लिहिले म्हणून त्यांचे धैर्य तसूभरही कमी ठरत नाही.

वस्तीत एकटे पडण्याची तुमची धास्ती मी हलकी मानत नाही. म्हणून एकटीने जाऊ नका. तिच्या वर्गशिक्षिका, अंगणवाडीताई, दोन-तीन मैत्रिणी यांना सोबत घ्या. तुमच्या आईलाही विश्वासात घ्या, कारण शेजारणीचे शब्द शेजारीण जास्त ऐकते.

लग्न थांबले तरी लक्ष काढून घेऊ नका. पालकांनी हमीपत्र लिहून दिल्यावरही महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या गावी गुपचूप अक्षता पडल्याची उदाहरणे आहेत. तसा धोका दिसला, तर बाल कल्याण समिती मुलीच्या संरक्षणासाठी आदेश देऊ शकते. तोवर दहावीचा निकाल लागेल. अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना तिच्यासोबत बसा आणि पसंतीक्रमात वस्तीतून सरळ बस मिळेल असे कॉलेज आधी टाका.