शब्दयाद्या पाठ आहेत, पण इंग्रजी लिहिताना शब्द आठवत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, सध्या नागपुरात स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू आहे, कठीण शब्दांच्या याद्या पाठ आहेत, पण निबंधाला बसलं की त्यातला एकही शब्द हाताशी येत नाही. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींची हीच अडचण असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यादीतून शब्दाचा अर्थ कळतो, पण तो कुणासोबत नांदतो हे कळत नाही. लिहिताना तर तेच लागतं. 'एक्झॅसरबेट म्हणजे वाढवणे' एवढंच पाठ केलं, की 'व्यायामाने स्टॅमिना एक्झॅसरबेट होतो' असं वाक्य लिहिलं जातं. हा शब्द लागतो तो संकटाला, तणावाला, आजाराला. आधीच बिघडलेलं आणखी बिघडवणं, असा त्याचा रोख. साधा 'कॉज' घ्या. त्याच्या पुढे बहुतेक वेळा डॅमेज, डिले, प्रॉब्लेम असंच काहीतरी येतं. वेगवेगळ्या वाक्यांत शब्द पुन्हा पुन्हा भेटला, की हे कुणी न सांगता अंगवळणी पडतं.

पुन्हा पुन्हा भेटावा कसा? त्यासाठी एकच विषय धरा आणि महिनाभर त्याच्याच बातम्या वाचा. रोज नवा विषय घेतला तर रोज नवे शब्द येतात आणि कालचे विसरले जातात. आपल्याकडे उन्हाळ्यासारखा विषय नाही. एप्रिल-मेमध्ये 'हितवाद' उघडा (गोखल्यांनी १९११ साली सुरू केलेला, आपल्याच गावचा इंग्रजी पेपर) किंवा दुसरा कुठलाही इंग्रजी पेपर घ्या, आणि 'रेस्पाइट' शोधा. पारा चढलेलाच असला तर 'नो रेस्पाइट फ्रॉम हीट'. अवकाळी सरी पडल्या तर 'ब्रीफ रेस्पाइट'. या दोन मथळ्यांतून तीन गोष्टी कळतात: त्याच्यानंतर 'फ्रॉम' लागतो, 'ब्रीफ' त्याच्याआधी शोभतो, आणि ही सुटका कायमची नसते, नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) अजून पुढे उभाच असतो. 'रिलीफ'मध्ये ही तात्पुरतेपणाची छटा असेलच असं नाही. आता त्याच वेळी, वही बंद करण्याआधी, स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य त्या शब्दावर लिहा. अभ्यासातून मिळालेली उसंत, घरातल्या लग्नाच्या गडबडीतून मिळालेली उसंत, काहीही चालेल.

हिवाळ्यात कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री येऊ लागली, की तसंच 'ग्लट' आणि 'प्लमेट'कडे लक्ष ठेवा. माल फार झाला आणि भाव कोसळले, हे शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला शब्दकोशाआधीच ठाऊक असतं.

अंदाजाने अर्थ लावा, पण नंतर शब्दकोश बघाच, कारण अंदाज चुकतोही. शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी हवा, शिकणाऱ्यांसाठी केलेला. कॉलिन्स कोबिल्ड १९८७ साली आला तो शब्दाची व्याख्याच अख्ख्या वाक्यात देत, त्यामुळे वापरही तिथेच दिसतो. वहीत सुटा शब्द न लिहिता पूर्ण वाक्य उतरवा. उजळणीला शब्द बोटाने झाका आणि तो आठवून बघा: दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने.

मजकूर मात्र झेपेल असा निवडा. पॉल नेशन या भाषा-अभ्यासकाच्या मते कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. परिच्छेदागणिक दहा शब्द अडत असतील, तर तो लेख सध्या बाजूला ठेवा. त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सुचवते. संविधान सभेतलं बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण मोठ्याने वाचा. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती ते मांडतात, तिथे 'कॉन्ट्रॅडिक्शन' हा शब्द इतका नेमका बसलाय की त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. भाषण इंटरनेटवर मोफत मिळतं. निबंधाच्या पेपरसाठी त्यातली वाक्यरचनाही उपयोगी पडेल: लांब वाक्यानंतर एक अगदी छोटं वाक्य कसं येतं, ते बघा.

यादीतला एखादा शब्द महिनाभराच्या वाचनात एकदाही भेटला नाही, तर तो खुशाल सोडून द्या.