चार दिवसांवर लग्न आणि मंडप आडवा

प्रश्न : ताई, येत्या रविवारी लेकीचं लग्न आहे, साताऱ्यात लॉन बुक केलेलं आणि काल वळवाच्या पावसात तिथला मंडप पार आडवा झाला, मालक म्हणतो जमणार नाही. पत्रिका वाटून झाल्यात, कऱ्हाड-कोरेगावचे पाव्हणे येणार. व्याही काय म्हणतील या विचारानं झोप उडालीय.
– एक वधूमाय, सातारा

उत्तर : वहिनी, आधी व्याह्यांना फोन करा, आजच, आणि स्वतः करा, मध्यस्थाला पुढं करू नका. दुसऱ्याकडनं कळलं की माणूस दुखावतो, पावसामुळं कोणी रुसत नाही.

तारीख हलवू नका. मुहूर्ताच्या दिवशी मोठा हॉल आता मिळणं अवघडच, म्हणून देवळाचं सभागृह नाहीतर शाळेचा हॉल विचारा, जागा लहान असली तर पंगती दोनाच्या तीन करा, कोण बघतंय! पण हो म्हणायच्या आधी आचाऱ्याला जागा दाखवा, पाणी, चुलीची जागा आणि वर पत्रा आहे का ते तोच नीट बघेल.

नव्या पत्रिका छापू नका, लोकेशनसह एकच मेसेज व्हॉट्सॲपवर टाका आणि म्हाताऱ्या माणसांना फोन करा. तरी चारजण जुन्या लॉनवर जाणारच, तिथं गेटवर दोन पोरं उभी करा. ॲडव्हान्सचे पैसे मेसेज करूनच परत मागा म्हणजे लेखी राहतं.

आणि नोंदणीच्या फॉर्मवर लग्न खरंच जिथं लागलं तीच जागा लिहा, त्याला 90 दिवसांची मुदत असते.