मेहुण्याच्या कंपनीत पैसे घालावेत का? एसईआयएसच्या निम्म्या सुटीबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही रेडिंगला राहता, पगार वर्षाला ६२,००० पौंड. मेहुण्याने दीड वर्षापूर्वी कंपनी काढली. मागच्या दिवाळीत तुम्ही त्या कंपनीला ४,००० पौंड हातउसने दिले. आता तो म्हणतो, त्या ४,००० चे शेअर करून टाकू, वर ६,००० घाला, एसईआयएसमध्ये (नव्या, छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्यांना आयकरात सूट देणारी ब्रिटनची योजना) सरकार निम्मे पैसे परत देतं. शिवाय तीन वर्षांनी तुमचे शेअर त्याच भावाने मी परत घेईन, तसं लिहून देतो. दोन वर्षांनी तुम्ही कुटुंबासह पुण्याला परतणार आहात. टाकावेत का?

सरकार निम्मे परत देतं हे खरं आहे. पण मेहुण्याने तुम्हाला धीर यावा म्हणून ज्या दोन गोष्टी सांगितल्या, त्याच दोन गोष्टींनी ही सूट जाते. त्याच्या मनात काळंबेरं असेल असं मला अजिबात वाटत नाही. नात्यात माणूस असंच बोलतो. पण तुम्ही होकार द्यायच्या आधी हे त्याच्याशी बोलायलाच हवं.

आधी लिहून देण्याबद्दल. शेअर घेतानाच ते परत विकायची सोय ठरलेली असेल, किंवा कोणी 'बुडाले तर मी भरून देईन' अशी हमी दिली असेल, तर ते शेअर एसईआयएसला चालत नाहीत. मग हमी कंपनीने दिलेली असो की मेहुण्याने स्वतः. कागद घरच्या कपाटात राहिला म्हणून तो नसल्यासारखा होत नाही. सूट मागताना तुम्ही ज्या अटी पाळल्याचं सांगता, त्यांत हीपण येते.

इतकं कडक का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९८३ साली ब्रिटनमध्ये बिझनेस एक्सपान्शन स्कीम आली. नव्या, धोक्याच्या धंद्यांत लोकांनी पैसे घालावेत म्हणून करात सवलत. पुढे १९८८ मध्ये भाड्याने द्यायच्या घरांच्या कंपन्यांनाही ती मिळाली आणि पैसा तिकडे वळला, कारण घर बुडत नाही. ती योजना १९९३ अखेर बंद झाली. १९९४ पासून अशाच धंद्यांत थेट पैसे घालणाऱ्यांसाठी ईआयएस आली, १९९५ मध्ये व्हीसीटी, म्हणजे अशा कंपन्यांत पैसे वाटणारे फंड, आणि अगदी सुरुवातीच्या कंपन्यांसाठी २०१२ मध्ये एसईआयएस. त्यानंतरही लोक सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सौरऊर्जेसारख्या भरवशाच्या जागा शोधत राहिले आणि सरकार त्या एकेक करून यादीतून काढत राहिलं. २०१८ मध्ये तर कायद्यातच अट आली की गुंतवलेलं भांडवल बुडण्याचा खरा धोका असला पाहिजे. म्हणजे सूट मिळते ती धोका पत्करण्याबद्दल. मेहुणा लिहून देऊन नेमका तो धोकाच काढून घेतो आहे.

आता उसन्या ४,००० बद्दल. एसईआयएसचे शेअर रोख पैसे देऊन घ्यावे लागतात. जुन्या कर्जाचे शेअर करून घेतले, तर त्या रकमेवर काही मिळत नाही. कंपनीने आज ४,००० परत करायचे आणि तुम्ही उद्या तेच शेअरसाठी भरायचे, हा मार्गही कोणीतरी सुचवेल. तोही चालत नाही. शेअर घेण्याच्या संबंधात कंपनीने तुमचं देणं फेडलं, तर ते तुम्हाला कंपनीकडून मूल्य परत मिळालं असं धरतात आणि सूट तेवढी कापली जाते. माझं मत विचाराल तर ते ४,००० कर्ज म्हणूनच वेगळे राहू द्या, त्याचा आणि शेअरचा कुठेही संबंध जोडू नका, आणि एसईआयएसचा विचार फक्त नव्या ६,००० चा करा.

नात्याची काळजी मात्र नको. आपल्याकडे बहिणीला भावाइतकं जवळचं कोण? पण या कायद्याच्या 'निकटच्या' व्याख्येत नवरा-बायको, आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं येतात. भाऊ-बहीण येत नाहीत. त्यामुळे मेहुण्याकडे कंपनीचे बहुतेक शेअर असले, तरी ते तुमच्या पत्नीच्या किंवा तुमच्या नावावर धरले जात नाहीत. तुम्ही पती-पत्नी मिळून कंपनीच्या ३० टक्क्यांच्या वर गेला नाहीत म्हणजे झालं. एक जपा : तुमच्यापैकी कोणी तिथे पगार घेऊन हिशेब वगैरे सांभाळत असेल, तर त्या नोकरीमुळे दोघांचीही सूट जाते.

आता आकडे. ६,००० पौंडांवर निम्मी म्हणजे ३,००० ची सूट. ती तुमच्या उत्पन्नातून नाही, थेट करातून वजा होते. ६२,००० पगारावर पेन्शनची वर्गणी धरली नाही तर साधारण १२,२०० पौंड आयकर बसतो, त्यामुळे ३,००० सहज बसतात. शेअर तीन वर्षं ठेवावे लागतात, आधी विकले तर सूट परत द्यावी लागते. तीन वर्षांनी नफ्यात विकले तर ब्रिटनमध्ये भांडवली नफ्यावर कर नाही. आणि कंपनी बुडाली तर उरलेल्या ३,००० चं नुकसान तुम्ही उत्पन्नातून वजा करू शकता. ४० टक्क्यांच्या टप्प्यात त्याचे १,२०० सुटतात. म्हणजे सगळं गेलं तरी खिशातून गेले १,८००. ईआयएसमध्ये सूट ३० टक्के आहे, तिथे हाच हिशेब २,५२० वर येतो.

सगळीकडे हाच हिशेब छापलेला दिसतो आणि तो बरोबरही आहे. फक्त तो तुम्हाला लागू होईल असं नाही. नुकसान वजा करायला ब्रिटनमध्ये करपात्र उत्पन्न लागतं, ज्या वर्षी नुकसान झालं त्या वर्षी किंवा त्याच्या आदल्या वर्षी. तुम्ही दोन वर्षांत पुण्याला गेलात आणि कंपनी पाचव्या वर्षी बंद पडली, तर ते १,२०० कशातून वजा करणार? इथे घर भाड्याने देऊन जाणार असाल आणि त्या भाड्यावर कर भरत असाल, तर थोडाफार उपयोग होईल. नाहीतर तुमचा खरा धोका १,८०० चा नसून ३,००० चा आहे. परतणाऱ्या आपल्या लोकांना हे कोणी आधी सांगत नाही. म्हणूनच हे उत्तर लिहायला बसलो.

परत गेल्याने मूळ ३,००० ची सूट मात्र जात नाही. शेअर तीन वर्षं तुमच्याकडे राहिले की झालं, तुम्ही कुठे राहता याला महत्त्व नाही. शेवटच्या वर्षी अर्ध्यातून नोकरी सोडलीत आणि कर कमी बसला, तर गुंतवणूक आदल्या करवर्षात केली असं धरून तिथली सूट मागता येते. तेही विसरू नका.

आणि कंपनी चांगली चालली तर? तेव्हा भारताचा विचार करावा लागेल. ब्रिटनने माफ केलेला नफा भारत माफ करत नाही. परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं साधारणपणे तुम्ही 'निवासी पण सामान्यतः निवासी नसलेले' या वर्गात असाल, तेव्हा परदेशातल्या शेअरचा नफा तिथे करपात्र नसतो. त्यानंतर पूर्ण निवासी झालात की जगभरच्या नफ्यावर भारतात कर. असे शेअर दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवले असतील तर सध्या साडेबारा टक्के अधिक उपकर. शेअर जवळ ठेवायला फेमाची, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याची, आडकाठी नाही, कारण ते तुम्ही परदेशात राहत असताना घेतलेले आहेत. पण पूर्ण निवासी झाल्यावर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दरवर्षी दाखवावे लागतात, किंमत शून्य झाली असं वाटलं तरी. पुण्यात परदेशी मालमत्तेचं काम करणारा सीए आत्ताच गाठून ठेवा.

मी स्वतः करसल्लागार नाही. नोकरी इंजिनिअरची, आणि २०१३ पासून अशा नऊ कंपन्यांत थोडेथोडे पैसे घातले. पाच बंद पडल्या, एक विकली गेली, तीन अजून चालू आहेत. सगळ्यात जास्त लागलं ते मात्र बुडालेल्या कंपनीचं नाही.

करवर्ष ५ एप्रिलला संपतं, म्हणून मार्चअखेर सगळ्यांची धावपळ. एका कंपनीने आमच्या शेअर सर्टिफिकेटवर २८ मार्च तारीख घातली. माझ्या बँकेच्या पासबुकात पैसे गेल्याची तारीख होती २ एप्रिल. मध्ये ईस्टरची सुट्टी आली होती, एवढंच. पण शेअर निघाले त्या दिवशी पूर्ण पैसे आलेले असले पाहिजेत, ही एसईआयएस आणि ईआयएस दोन्हींची अट आहे, आणि मागून पैसे भरून ती चूक दुरुस्त होत नाही. दोन कागद शेजारी ठेवून मी किती तरी वेळ बघत बसलो होतो. पाच दिवसांचं अंतर. माझ्यासकट ज्यांचे पैसे उशिरा पोचले, त्या सगळ्यांची सूट गेली. कंपनीचा मालक प्रामाणिक पोरगा होता, रडकुंडीला आला होता. त्याला ही अट कोणी सांगितलीच नव्हती.

म्हणून मेहुण्याला विचारा की कर खात्याकडून, म्हणजे एचएमआरसीकडून, त्याने आगाऊ मान्यतेचं पत्र घेतलं आहे का. ती सक्तीची नाही आणि तेवढ्यावर सूट पक्कीही होत नाही, पण कंपनी एसईआयएसमध्ये बसते का हे खात्याने एकदा पाहिलेलं असतं. धंदा सुरू होऊन तीन वर्षं झालेली नसावीत, मालमत्ता साडेतीन लाख पौंडांच्या आत, नोकर पंचवीसपेक्षा कमी, आणि या योजनेतून एकूण अडीच लाखांपर्यंतच पैसे उभे करता येतात. घरबांधणी, हॉटेल, शेती, वकिली, हिशेबनिशी असे धंदे मुळातच वगळलेले आहेत. शेअर साधे असावेत, कंपनी बंद झाल्यावर आधी पैसे मिळण्याचा हक्क नसलेले. चार महिने धंदा झाल्यावर किंवा ७० टक्के पैसे खर्च झाल्यावर कंपनी खात्याला कळवते, आणि मग तुम्हाला एसईआयएस३ हा फॉर्म मिळतो. तो हातात आल्याशिवाय सूट मागता येत नाही.

आणि हे सगळं जमलं तरी खरा प्रश्न उरतोच. ३,००० ची सूट तीन महिन्यांत विसरायला होईल, कंपनी मात्र पुढची सात-आठ वर्षं तुमच्या घरात जेवणाच्या टेबलावर असेल. माझी जी एक कंपनी विकली गेली, ती शेफिल्डजवळच्या एका गाळ्यात होती. पैसे द्यायच्या आधी मी तिथे गेलो होतो. तिच्या संस्थापक बाईंनी चहा दिला आणि एक वही पुढे केली. त्यांचं यंत्र चाचणीला नेलेल्या प्रत्येक कारखान्याचं नाव, काय बिघडलं, तिथल्या फोरमनने काय शिव्या घातल्या आणि नंतर काय बदललं, सगळं हाताने लिहिलेलं. करसुटीचा विषय मी काढेपर्यंत त्यांनी काढलाही नाही. तुमच्या मेहुण्याकडे अशी वही आहे का ते बघा. त्याचं गिऱ्हाईक कोण, ते पैसे देतं का, तुमचे ६,००० किती महिने पुरतील, हे त्याला न दुखावता विचारता येतं. तो धंद्याबद्दल तासभर बोलला आणि करसुटीबद्दल पाच मिनिटं, तर मी पैसे देईन. उलटं झालं तर देणार नाही.

व्हीसीटीबद्दल कोणी सुचवेल. ते शेअर बाजारात नोंदलेले फंड असतात, एका फटक्यात अनेक कंपन्यांत पैसे वाटले जातात. पण पाच वर्षं ठेवावे लागतात आणि ६ एप्रिल २०२६ पासून तिथली सूट ३० वरून २० टक्के झाली आहे. दोन वर्षांत परतणाऱ्या माणसाला मी त्यात ढकलणार नाही.

तर या रविवारी मेहुणा जेवायला आला की त्याला सांगा : परत घेण्याचं लिहून देऊ नकोस, तोंडीही कबूल करू नकोस. ४,००० चं कर्ज वेगळं राहू दे. मान्यतेचं पत्र आणि कंपनीची नियमावली दाखव. पैसे तुझ्या बँकेत पोचल्याचं तू मला कळव आणि त्यानंतरच शेअरवर तारीख घाल. आणि पत्नीला हे सगळं आधी सांगा, कारण भाऊ तिचा आहे आणि उद्या कंपनी बंद पडली तर तिच्यावर दोन्हीकडून ओढाताण होईल. ६,००० गेले तर दोघांनाही झेपेल का, हे तुम्ही दोघं बसून ठरवा. झेपणार नसेल तर २,००० द्या, त्याला वाईट वाटणार नाही.

नियमावलीतलं शेअरच्या हक्कांचं कलम कळलं नाही, तर नावं झाकून खाली टाका. मी वाचून सांगतो.