‘एचडीसारखे दिसेल’ या शब्दावर घेतलेला प्लेअर

साताऱ्याच्या एका वाचक भगिनींनी सात महिन्यांपूर्वी पुण्यातील दुकानातून ११,८०० रुपयांना डीव्हीडी प्लेअर घेतला. खोक्यावर ‘१०८०पी अपस्केलिंग’ (म्हणजे कमी बिंदूंचे चित्र फुल एचडी पडद्यापुरते वाढवणे) असे छापलेले होते आणि ‘लग्नाची डीव्हीडी एचडीसारखी दिसेल’ असे विक्रेता म्हणाला होता. प्रत्यक्षात चेहरे धूसर दिसतात आणि अंतरपाट हलला की त्याची कड फणीच्या दातांसारखी फाटते. चौथ्याच दिवशी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार केली. दुकानदाराने बिलावरच्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीकडे बोट दाखवले. आता पैसे परत मिळतील का, असे त्या विचारतात.

या दोन तक्रारी मी मुद्दाम वेगळ्या करतो, कारण त्यांचे कायद्यातील वजन सारखे नाही. डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात, तर फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०; म्हणजे पडद्यावरचे सुमारे चार-पंचमांश बिंदू शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरलेले असतात आणि मूळ चित्रीकरणात नसलेला बारकावा कोणताही प्लेअर निर्माण करू शकत नाही. त्यामुळे निव्वळ धूसरपणावर दावा उभा करू नये. फणीसारख्या रेघांचे तसे नाही. एकाआड एक ओळींत नोंदलेले चित्र नीट जुळवणे हे अपस्केलिंगचेच काम आहे, आणि विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे सांगितलेल्या दर्जात उणीव असणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) नुसार ‘दोष’ ठरतो. तोंडी आश्वासनही त्यात येते, पण ते सिद्ध करणे अवघड. म्हणून खोके जपून ठेवावे.

मात्र दुकानदाराला नोटीस देण्यापूर्वी प्लेअर एचडीएमआय वायरने जोडलेला आहे ना, हे पाहावे. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीतून १०८०पी चित्र जातच नाही आणि विरुद्ध पक्षाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारील. दुसऱ्या दोन-तीन डिस्कही लावून पाहाव्यात. रेघा फक्त लग्नाच्या डिस्कवर असतील, तर चूक बहुधा स्टुडिओची आहे.

रेघा सर्वच डिस्कवर दिसल्या, तर बिलावरची ती ओळ दुकानदाराला वाचवू शकत नाही. बिलात परतीची मुदत दिलेली नसल्यास, सदोष माल तीस दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. चौथ्या दिवसाचा तो संदेश इथे आपला सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

आधी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस द्यावी. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. आपण राहता त्या साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच ती दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आयोग प्लेअर प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचा खर्च आपल्याला आधी भरावा लागेल. सोबत लग्नाची डिस्क द्यावी लागली, तर आधी तिची प्रत काढून घ्यावी.