‘तेवढं एक बरं पडतं’

ताई, नमस्कार.

मी २९ वर्षांचा. धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. माझी बहीण २३ वर्षांची, बी.ए. झालेली. तीन वर्षांपासून ती अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंत काम करते. आतापर्यंत चौदा गाणी झाली, गावोगावच्या हळदीला डीजेवर वाजतात. या गाण्यांत बाई म्हणजे गोरे गाल, कंबर आणि झुमके. पोरगा मागे लागतो, ती नाही म्हणते आणि शेवटी त्याच्याच गाडीवर बसते. यावरच मी ‘अहिराणी गीतचित्रणातील स्त्रीप्रतिमा’ असा निबंध एका चर्चासत्रात वाचला. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्व्हीपासून स्त्रियांच्या असभ्य प्रदर्शनाला बंदी घालणाऱ्या १९८६च्या कायद्यापर्यंत सगळं मांडलं. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एका सहकाऱ्यानं मोबाइल पुढे केला, ‘सर, ही तुमचीच बहीण ना?’ तेव्हापासून झोप नाही. मी जुनाट विचारांचा नाही. शूटिंगला सोडायला-आणायला मीच जातो, कारण माझ्या तासिका दुपारच्या, सकाळी मोकळा असतो. प्रॉडक्शनवाले पैसेही माझ्याच फोनपेवर टाकतात, तेवढं एक बरं पडतं. पण प्रश्न तत्त्वाचा आहे. हे काम स्त्रीचा अपमान करणारं आहे हे तिला पटतच नाही. तिला कसं समजवावं? सोबत एका गाण्याची लिंक देतो.

— एक अस्वस्थ भाऊ

भाऊ,

निबंध बाजूला ठेवा, आधी फोनपेचं बोलू.

कुणाला बरं पडतं? एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही हे वाक्य असं टाकलंत, जसं कुणी सांगावं की गावाला जाताना मधल्या फाट्यावर पाणी प्यायलो. चौदा गाणी. पहिलं फुकट केलं असेल असं धरू, नव्या पोरींना ‘तुझा चेहरा तर दिसेल’ असं सांगून उभं करतात. राहिली तेरा. उन्हात, केळीच्या बागेत, डासांत, पाच वेळा तीच स्टेप करून मिळवलेले तेरा गाण्यांचे पैसे तुमच्या मोबाइलवर ‘टिंग’ करून आले. तिच्या मोबाइलवर काय आलं? ‘ताई, उद्या सातला लोकेशनवर.’

तासिकेवाल्यांचं मानधन कसं येतं ते मला ठाऊक आहे. माझा भाचा त्याच रांगेत आहे, दिवाळीचं शिमग्याला मिळतं. मग मधल्या महिन्यांत तुमच्या गाडीत पेट्रोल कुणाच्या पैशाचं होतं? चर्चासत्राची फी कुठून भरलीत? मी आरोप करत नाही, नुसतं विचारतेय. (खरं सांगायचं तर आरोपच करतेय.)

माझी मावशी कापूस वेचायला जायची. कमरेला झोळी, बोंडाच्या कडांनी फाटलेली बोटं, संध्याकाळी बांधावर काटा लागायचा आणि किलोवर पैसे. काट्याजवळ मावशी उभी असायची, पण मालकाच्या हातून पैसे घ्यायचा काका. ‘बाईमाणसाला हिशोब कुठं जमतो,’ म्हणायचा. मावशी अडाणी होती, पण कोणत्या वाफ्यात किती निघेल ते डोळ्यांनी सांगायची. घरी येताना पदरात मूठभर कापूस लपवून आणायची आणि गल्लीतल्या दुकानात देऊन चहापत्ती घ्यायची. स्वतःच्याच मेहनतीची चोरी करावी लागायची तिला. काका वाईट माणूस नव्हता. मावशीला सायकलवर डबलसीट शेतात सोडायचाही. तुम्हीही बहिणीला सोडता आणि आणता. काकाचा रस्ता आणि तुमचा रस्ता एकच आहे, फक्त तुमच्याकडे गाडी आहे.

आता तुमच्या लिंकबद्दल. १९९०च्या सुमारास अमेरिकेत एका प्राध्यापकानं एमटीव्हीवरच्या गाण्यांच्या व्हिडिओंचे तुकडे जोडून एक माहितीपट केला होता. त्यानं मूळ संगीत काढून टाकलं आणि चित्रांवर स्वतःचं बोलणं घातलं. ताल गेला की डोळे उघडतात, त्या व्हिडिओंत बाया कशासाठी उभ्या केल्यात ते सरळ दिसतं. मीही तुमचं गाणं आवाज बंद करून पाहिलं. दोनदा.

तुम्ही म्हणता तसंच आहे, त्यात वाद नाही. आधी पैंजण, मग कंबर, मग मान, चेहरा सगळ्यांत शेवटी. पोरगा गॉगल लावून बुलेटवर. त्याचे पाच मित्र तिच्या स्कूटीला आडवे येतात आणि त्याला गंमत म्हणायची. कॅमेरा पुरुषाच्या नजरेनं पाहतो आणि बाई पाहून घेण्यापुरती उरते, हे मल्व्हीबाईंनी १९७५ साली सिनेमाबद्दल लिहिलं. ते धुळ्याच्या रानातल्या ड्रोनलाही लागू पडतं, आक्षेप नाही. आवाज लावून पुन्हा ऐकलं. पूर्ण गाण्यात तिच्या वाट्याला एक ओळ आहे, नकाराची. पुढच्या कडव्यात तो नकार होकार धरला जातो. शेवटी पाट्या येतात : गायक, गीत, संगीत, ड्रोन, एडिटर, शेतमालकाचे आभार, बुलेटच्या मालकाचे विशेष आभार. तुमच्या बहिणीचं नाव मला सापडलं नाही. बुलेटचं मात्र आहे.

एक जागा मात्र तुम्ही पाहिलीत का, कोण जाणे. ती बांधावरून चालताना चिखलात पाय घसरतो, ती हसते, तोंडावर हात घेते आणि पुन्हा चालायला लागते. एडिटरनं चुकून ठेवलं असावं. बाकी गाण्यात ती कुणीतरी ‘पोर’ आहे, तिथं ती तुमची बहीण आहे. मी तेवढं तीनदा मागे नेऊन पाहिलं.

आपल्याकडच्या बायांची गाणी आठवा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, निंबाला झोका बांधून पोरी म्हणायच्या ती, कानबाई देवीच्या रात्री जागून म्हणतात ती. त्यात सासूचा राग असतो, नवऱ्याची थट्टा असते, माहेरच्या वाटेकडे लागलेले डोळे असतात. त्या गाण्यांत ‘मी’ म्हणणारी बाई असते, बाकी दुनिया ‘तू’ आणि ‘तो’. डीजेवरच्या गाण्यांत बाई ‘तू’ झाली आणि ‘मी’ पोरानं घेतला. तुमच्या निबंधात हा मुद्दा नसेल तर घ्या, फुकट देते.

पण मग तुमचं पत्र उघडा. बहिणीचं एक वाक्य त्यात नाही. ‘तिला पटत नाही’ एवढंच. तिला काय पटतं, ती तुम्हाला काय म्हणाली, कोणतं गाणं तिला आवडतं, कोणत्या शॉटला तिचा जीव नको झाला, काही नाही. त्या भिकार व्हिडिओनं तिला एक ओळ तरी दिली, भाऊ.

आणि या दोन गोष्टींचा धागा एकच आहे. पैसे तुमच्याकडे येतात, म्हणजे बोलणंही तुमच्याशीच होतं. भाव भाऊशी ठरतो. ती लोकेशनवर पोचते तेव्हा सौदा झालेला असतो. डायरेक्टर म्हणाला, कॅमेरा खालून लावू, तर ती कोणत्या तोंडानं ‘नको’ म्हणणार? आगाऊ रक्कम तुम्ही घेतलेली आहे. मजुरी जिच्या हातात पडते तिला अर्ध्या दिवसात काम सोडून घरी येता येतं, नाहीतर गाडी येईपर्यंत थांबावं लागतं. आणि गाडी तुमची.

कायदाच काढायचा तर १९८६चा राहू द्या. कॉपीराइटच्या १९५७च्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, त्यात सादर करणाऱ्या कलाकारालाही आपल्या कामावर आपलं नाव मागायचा हक्क दिलेला आहे. पाटीवर नाव यावं म्हणून तिला भांडायचं असेल तर तो आधार आहे. तिला. तुम्ही तिच्या वतीनं फोन करू नका, तुमचा आवाज प्रॉडक्शनवाल्यांच्या चांगला ओळखीचा झालाय.

तर तिला कसं समजवावं? समजवू नका. तिचे पैसे तिला द्या.

बहिणीचं खातं असेल, नसेल तर उघडा. २०२४ पासून सरकार महिन्याला पंधराशे रुपये द्यायचे म्हटलं तरी आधार जोडलेल्या बाईच्या स्वतःच्या खात्यात टाकतं. त्यासाठी खेड्यापाड्यांतल्या साठीच्या म्हाताऱ्या कागद घेऊन बँकेच्या दारात रांगेत उभ्या राहिल्या. योजनेचं नाव ‘लाडकी बहीण’ आहे, मी मुद्दाम आठवण करून देतेय असं समजा. तिच्या मोबाइलवर तिचं फोनपे सुरू करा, पिन टाकताना तोंड फिरवा. प्रॉडक्शनवाल्यांना तिच्यासमोर सांगा, यापुढे पैशाचं बोलणं हिच्याशी. मग तुमच्या फोनपेची तीन वर्षांची हिस्ट्री काढून बसा. प्राध्यापक आहात, नोंदी करता येतात. कोणत्या गाण्याचे किती आले, कुठं गेले, वहीत लिहा. घरात गेले ते घरात, बियाण्याला गेले ते बियाण्याला, तुमच्यावर गेले ते तुमच्यावर. घरखर्चाच्या ओळीपुढे तिचं नाव ठळक लिहा, कारण तो खर्च तिनं केलाय, तुम्ही नाही. तुमच्यावर गेलेले परत करायचे. एकदम जमणार नाहीत, तुमचं मानधन मला माहीत आहे, हप्ता बांधा. पण वही आधी तिच्या हातात गेली पाहिजे.

हिशोब पुरा होईपर्यंत स्त्रीप्रतिमेवर दुसरा निबंध वाचायचा नाही.

तुम्हाला वाटेल, पैसे हातात आले की ती आणखी गाणी करेल. करेल. किंवा चार महिन्यांनी सोडेल, किंवा एखाद्या डायरेक्टरला म्हणेल, मला दोन ओळी जास्त द्या आणि चेहरा आधी दाखवा. नवं काही सुचलं तर स्वतःचं गाणंही काढेल, मोबाइल आणि शेत दोन्ही घरात आहेत. काय करेल ते मला माहीत नाही, तुम्हालाही नको. तिला माझं मत हवं असेल तर तिनं लिहावं, मी तिला वेगळं उत्तर देईन, आणि ते तुम्हाला वाचायला मिळेलच असं नाही.

चहाच्या वेळी मोबाइल पुढे करणाऱ्या त्या सहकाऱ्याला मात्र ‘हो, माझीच’ म्हणा. तुम्ही तेव्हा काय म्हणालात ते पत्रात लिहिलेलं नाही, ते माझ्या लक्षात आलंय.

सोमवारी बँक दहाला उघडते. तुमच्या तासिका दुपारच्या असतात, असं तुम्हीच लिहिलंय.

— ताई