फ्रिजमध्ये सापडलेली शिट्टी

दवाखान्यात माझ्यासमोर बसल्याबसल्या तिने पर्समधून वही काढली. दुधाच्या हिशोबाची. मागच्या पानांवर तारीखवार चुका: ‘नणंदेचं नाव आठवेना.’ ‘दूध उतू.’ ‘कुकरची शिट्टी फ्रिजमध्ये, लिंबांच्या डब्यात.’

“मॅडम, आईला स्मृतिभ्रंश होता. माझीही सुरुवातच ना ही?”

वय ४८. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांतच. वही चाळताना दिसलं, बऱ्याच चुकांच्या वरच आदल्या रात्रीची नोंद होती: ‘३ ला जाग. घाम. गाऊन बदलला.’ दोन्हींचा संबंध तिने लावलाच नव्हता.

“नणंदेचं नाव नंतर आठवलं?”

“भाजी चिरताना. आपोआप.”

रोजचा रस्ता चुकत नव्हता, भिशीचे पैसे चोख. आई मात्र देवळातून घरी यायला विसरायची.

पाळी जायच्या काळातला विसराळूपणा खरा असतो. घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावतात आणि बाई जास्तच घाबरते. म्हणून मी तिला मायक्रोग्लिया समजावल्या. मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी. कचरा उचलतात, इजा झाली की धावतात. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक त्यांना आवरून धरतं. पाळी जाताना ते घटलं की त्या लवकर चिडतात, दाह वाढवणारी रसायनं जास्त सोडतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. बायकांच्या विसरण्यात त्याचा वाटा किती, हे ठरायचंय. वर झोपमोड आहेच.

“म्हणजे सासूबाई गावाला गेल्या की आम्हा जावांचं होतं तसं!” ती म्हणाली. इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

“मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेते की.”

इथे मी थांबवलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ६५ च्या पुढच्या बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (त्याच्या जोडीला देतात ते दुसरं संप्रेरक) एकत्र दिलं. २००३ मध्ये निकाल आला, तेव्हा स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीच्या आसपास निघाला. अठ्ठेचाळिशीचं गणित वेगळं, पण ते स्त्रीरोगतज्ज्ञांनी मांडायचं. अंगातून येणाऱ्या गरम वाफा आणि घामासाठी ते हे औषध देतातही, स्मरणशक्तीसाठी नाही. पाळी पूर्ण थांबल्यावर बऱ्याच जणींचं डोकं पुन्हा ताळ्यावर येतं, हेही सांगितलं. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला पाठवलं.

बी-१२ कमी निघालं. इंजेक्शनं सुरू आहेत, वाफांवर उपचारही. शिट्टीसाठी तिने ओट्याच्या वर खिळा ठोकून घेतलाय.