मेंदूच्या ऑपरेशनमध्ये काय धोके असतात? आईची गाठ काढायची आहे. नंतर माणूस पहिल्यासारखा राहतो का?

राहू शकतो. डोक्याचं ऑपरेशन झालेले आमचे बाबा आज नागपूरच्या इतवारीत दुकानाच्या गल्ल्यावर बसतात, अख्खी उधारी तोंडपाठ. हे आधी सांगतो, कारण "डोकं उघडलं की माणूस कामातून गेला" हे मोठ्या काकांकडून ऐकून ऐकून कान किटले आहेत.

रक्तस्राव, सूज, जंतुसंसर्ग, फिट, लकवा हे तर संमतीच्या फॉर्मवरच असतं. पण सगळा धोका ऑपरेशन थिएटरमध्येच असतो असं नाही. बाबांचा कपाळामागचा मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातली गाठ, धंतोलीतल्या एका दवाखान्यात नीट निघाला. शुद्धीवर आल्यावर चहासुद्धा मागितला. सगळं बरं चाललेलं असताना एका रात्री सलाईनची नळी ओढत म्हणतात, "किल्ली दे, शटर उघडाचं आहे, गिऱ्हाईक उभं आहे." मला ओळखेनात. काकांनी कॉरिडॉरमध्येच जाहीर केलं, सर्जननं भलतीच नस कापली. पार चंद्रपूरपर्यंत फोन गेले.

सकाळी रिपोर्ट आला, रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, 118. हवं 135 ते 145. मेंदूच्या ऑपरेशननंतर ते असं घसरू शकतं. मग आयसीयूत मिठाचं 3 टक्क्यांचं सलाईन, तेही जपून, कारण सोडियम भराभर वाढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. काका म्हणाले, "मीठच द्यायचं होतं तर घरी नव्हतं काय?" आता बोला बाप्पा.

तेव्हा आईचं सोडियम रोज विचारत जा. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर आधीच सांगा, मनानं बंद करू नका. सुजेसाठी दिलेल्या स्टेरॉइडनं शुगर चढते. घरी आल्यावर नाकातून पाण्यासारखं गळलं, तापासोबत डोकं दुखलं किंवा एका पायाची पोटरी सुजली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांशी घरातल्या एकानंच बोलावं. मोठ्या आवाजाच्या माणसानं तर नाहीच.

हो, गाठ बोलण्याच्या भागाजवळ किंवा मेंदूच्या देठाजवळ असेल तर जोखीम खरंच जास्त, तिथं माझा अनुभव लावू नका. मेनिंजिओमा लहान असेल, त्रास देत नसेल, तर डॉक्टर स्वतःच एमआरआय करत थांबतात. "थांबून पाहू" हे काकांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर. पण बाबांना आधीच फिट येऊन गेली होती, तीही काकांच्याच समोर.